खालच्या मजल्यावरचं स्वीडन

मिनियापोलिसला आम्ही ज्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो, त्याची मालकीण ऐंशी ओलांडलेली स्वीडिश बाई होती. खाली एकटीच राहायची. मी तिला सरळ आजी म्हणायचे. अर्थ सांगितल्यावर तिलाही ते आवडलं. पहिल्याच हिवाळ्यात तिनं मला कॉफीला बोलावलं, स्वतःची कॉफी बशीत ओतली आणि दातांत साखरेचा खडा धरून फुर्रकन ओढली. अगं बाई, हे तर आमच्या सांगलीचंच! अमेरिकेत बशीतून प्यायचं नाही, असं नवऱ्यानं मला बजावून आणलं होतं. मी माझीही कॉफी खुशाल बशीत ओतली.

तिच्याकडूनच मला स्वीडन कळलं. राजांबद्दल विचारलं की ती हात झटकायची. लढाया त्यांनी केल्या, पोरं आमची मेली, म्हणायची. तिच्या माणसांचा इतिहास म्हणजे दगड. शेतातले दगड वेचून बांध घालायचे, की पुढच्या वर्षी थंडीनं जमीन फुगून तेवढेच पुन्हा वर. आजोबांच्या काळात पिकं बुडाली, तेव्हा झाडाची साल दळून भाकरीच्या पिठात मिसळली. पुढे भावाभावांत वाटून वाटून जमीन संपली आणि गावंच्या गावं अमेरिकेच्या बोटीत बसली. ही सतराव्या वर्षी निघाली. चार-पाच वर्षांत परत येते, असं स्टेशनवर आईला सांगून.

"बोटीवरचा प्रत्येक जण हेच सांगून आला होता," ती म्हणाली.

मग लग्न, मुलं, मंदी, महायुद्ध. आई वारल्याचं पत्र पोचलं, तेव्हा तिकडे थडग्यावर गवत आलं होतं. हे सांगताना तिच्या डोळ्यांत टिपूस नसायचं. मला मनातून तिचा रागच यायचा.

त्याच वर्षी सांगलीला माझ्या आईचं दुखणं विकोपाला गेलं. आमचे ग्रीन कार्डाचे कागद अडकलेले. आत्ता देश सोडलात तर परत येता येईलच असं नाही, असं वकिलानं सांगितलं. इथले सगळे मराठी काका-काकू म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत धीर धर. कोणाला काय जातंय सांगायला!

आजी तेवढी म्हणाली, "तू जा. कागद पुन्हा करता येतात."

मी तिकीट काढलं. आईसाठी बदाम घेतले, मऊ स्वेटर घेतला, बॅग भरली. निघायच्या आदल्या सकाळी भावाचा फोन आला. लाइन खरखरत होती, तरी कळायचं ते कळलं. आई गेली होती आणि सगळं उरकलंही होतं. तुझ्यासाठी थांबणार तरी किती, असं तो परत परत विचारत होता, बिचारा.

मला रडूच फुटेना. आता जाऊन करायचं काय, म्हणून मी बॅगेतले बदाम काढून डब्यात भरायला लागले. नवऱ्यानं खाली जाऊन सांगितलं असावं. आजी कठडा धरून, दम खात जिना चढून आली आणि माझ्यासमोर खुर्चीत बसली. माझं सांत्वन करायला तिनं तोंड उघडलं मात्र. एकाएकी ती हमसून हमसून रडायला लागली. तिच्या भाषेत, लहान पोरीसारखी, स्वतःच्या आईला हाका मारत.

ऐंशी ओलांडलेली बाई. मला वाटलं होतं, वर्षभरात माझं मी सावरेन. तिच्याकडे बघितलं आणि बदामांचा डबा तसाच टाकून मी तिच्या मांडीत डोकं खुपसलं.