आईची वाक्यं फळ्यावर

लातुरात मराठीच्या मॅडमला कोणी विचारत नाही. पोरं पहाटेपासून फिजिक्स-केमिस्ट्रीच्या क्लासला पळतात आणि कॉलेजात माझ्या तासाला येतात ती डबा खायला. फक्त अलंकार म्हटलं की वह्या निघतात, कारण ते मार्क पक्के. 'सारखा' दिसलं की उपमा, 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा, चला पुढे. हे शॉर्टकट मीच शिकवलेत, तेव्हा नावं कुणाला ठेवू?

मी भाड्याच्या खोलीत एकटी राहते. संध्याकाळी कुलूप उघडलं की दुसऱ्या दिवशी हजेरी घेईपर्यंत तोंड उघडायचं कारण नसतं. अपवाद एक, आईचा फोन. आई अर्धापूरला असते. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई असं बोलायची की मी फोन खांद्याशी दाबून वहीत लिहून घ्यायचे. "ऊन कसं, सकाळधरनं वट्ट्यावर ठाण मांडून बसलंय." चेतनगुणोक्ती! पुस्तकातल्या उदाहरणांना जांभया देणारी पोरं आईच्या वाक्यांना हसायची. "मॅडम, आज्जी लई भारी हाय," म्हणायची. तेवढा वेळ तरी वर्गात मला कोणीतरी आहे असं वाटायचं.

आईलाही मी कौतुकानं सांगितलं होतं. "माझं बोलणं? फळ्यावर?" म्हणून ती हरखली होती.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "पंधरा दिस झाले, घासभर भाकर पोटात न्हाई. पाण्याचा घोट बी डोंगर झालाय."

मी हसले. "तू पण ना, आई!" म्हणाले आणि वही ओढली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन्ही वाक्यं होती. पहिलं अतिशयोक्ती, दुसरं रूपक. पोरांनी झटकन ओळखलं. मीही खूश झाले.

त्यानंतर ती खाण्याचं काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

महिनाभरानं आईच्या शेजारच्या मावशींचा, खालांचा, फोन आला. आई अंगणात चक्कर येऊन पडली होती, त्या तिला रिक्षात घालून नांदेडला नेत होत्या. मी मिळेल त्या एसटीनं निघाले. दवाखान्यात पोचले तेव्हा आई खाटेवर होती, आणि तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. अन्ननळी आत आवळत गेली होती. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीतून रुंद करू, बरी होईल. मग विचारलं, "त्रास कधीपासून?"

"हिला सांगितलं व्हतं की," आई म्हणाली. "त्याला बी महिना झाला."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. काय सांगणार होते मी? की आईचं दुखणं मी एका मार्काला शिकवलं? मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेरच्या बाकावर खालांनी माझा हात धरला. "बेटा, रडू नको. मीच म्हणत होते तिला, पोरीला फोन लाव. तर म्हणली, तिला सांगून काय, ती हसती अन् लिहून घेती."

आई बरी झाली. लातूरला चल म्हटलं तर आली नाही. आता मी रोज फोन करते आणि सरळ विचारते, काय खाल्लं, किती खाल्लं. तीही सरळ सांगते. "बरी हाय. दोन पोळ्या खाल्ल्या. वरण खाल्लं." अजून काय, म्हटलं की "अजून काय न्हाई." वही मी कधीच बंद केली, हेही तिला सांगून झालं. ती "हाव, बरं" म्हणाली.

परवा बोलता बोलता तिकडे खाला आल्या. "ठेवते," आई म्हणाली, पण तिच्याकडून फोन बंद करायचं राहून गेलं. मग आईचा आवाज एकदम मोकळा झाला. उन्हाबद्दल, गुडघ्यांबद्दल, समोरच्या घरातल्या सुनेबद्दल ती पूर्वीसारखी बोलत सुटली, खाला खदखदून हसत होत्या. मी श्वास रोखून शेवटपर्यंत ऐकत राहिले.