राजूरच्या बसमधले सतरा जण

मी पदवीधर झालो तो आमच्या जालन्याच्या कॉलेजातल्या विद्यार्थी परिषदेच्या सचिवामुळे. वर्गप्रतिनिधींनी निवडून दिलेला हा मुलगा माझ्याच वयाचा होता. कुणी तक्रार आणली की तो खिशातलं पेन काढी, न लिहिताच परत ठेवी आणि म्हणे, "आधी बघून येऊ, मंग बोलू."

प्रॅक्टिकल संपेपर्यंत आमची राजूरची शेवटची बस निघून जाई. मी अर्ध्यातून उठे. हजेरी भरली नाही आणि परीक्षेचा फॉर्म अडला, तेव्हा मी सचिवाकडे गेलो. सचिव चार दिवस स्टँडवर येऊन उभा राहिला. पोरं चिडवत, "सचिव, राजूरला सोयरीक जमवून राह्यले काय?"

पाचव्या दिवशी तो मला प्राचार्यांकडे घेऊन गेला. सर म्हणाले, "याच्या एकट्याची हजेरी लावून टाकतो." मी हात जोडणार, तोच सचिव म्हणाला, "एकट्याचं नको सर. बसमधी असे सतरा जण आहेत."

सरांनी फॉर्म बाजूला ठेवला. पंधरा दिवस मी सचिवाशी बोललो नाही. मग सरांनी प्रॅक्टिकल सकाळी घेऊन सगळ्यांची हजेरी भरून घेतली.

निकालानंतर तोंडावर सांगवेना, म्हणून मी त्याला पत्र पाठवलं: "पास झालो. तुला मनात फार शिव्या दिल्या. तुझ्या जागी मी असतो, तर सरांना हो म्हणालो असतो."