सांडूच्या मुऱ्या

केदारखेड्याच्या खालच्या अंगाला, पूर्णेच्या काठी धनगरांची सात-आठ घरं होती. त्यातल्या एका घरात सांडू जन्मला. त्याच्या आधीची दोन लेकरं दगावली होती. म्हणून याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचलून आणलं आणि सांडलेला म्हणून नावही तसंच ठेवलं. टाकलेल्या पोराकडं काळ बघत नाही म्हणतात. सांडू जगला, मेंढरांमागं वाढला. अठराव्या वर्षी गोपिकाबाईशी त्याचं लग्न झालं आणि एकोणिसाव्या वर्षी त्याच्या गुडघ्यात नारू निघाला.

निजामाच्या राजवटीत बारवेचं, म्हणजे पायऱ्यांनी आत उतरायच्या विहिरीचं, पाणी पिणाऱ्या गावांत नारू घरोघरी असायचा. कातडीतून डोकं काढलेला तो दोऱ्यासारखा किडा काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, एवढाच इलाज. सांडूचा नारू ओढताना आतच तुटला. पाय सुजून मुसळासारखा झाला, दोन महिने पू वाहिला, आणि जखम भरली तेव्हा गुडघा वाकेनासा झाला होता. दिवसाला सहा कोस चालणारा गडी काठी टेकत कसाबसा नदीपर्यंत जाऊ लागला. मेंढरं धाकट्या भावाकडं गेली. सांडूच्या हाती लोकर कातायची चाती राहिली. ती घेऊन तो सकाळीच नदीच्या वळणावर जाऊन बसे.

कातताना हात आपोआप चालतात, डोळे मोकळे राहतात. पहिले काही दिवस त्याला पाण्यात विशेष काही दिसलं नाही. वरच्या पाण्यात चंदेरी मासे लखलखत, खाली नुसती वाळू. मग एके दिवशी त्या वाळूलाच दोन डोळे असल्याचं त्याच्या ध्यानात आलं. तो चाती थांबवून बघत राहिला. बऱ्याच वेळानं वाळू जराशी हलली आणि तिच्यातून करंगळीएवढा मासा निघाला. वाळूच्याच रंगाचा, अंगावर काळपट ठिपके, तोंडाशी मिशांचे बारीक धागे.

नदीवर जाळं टाकणाऱ्या म्हाताऱ्या भोयाला त्यानं विचारलं. भोई म्हणाला, ही मुरी. हातात धरली तर निसटते, डोळ्याखालचा काटा बोटात घुसवते, आणि बाजारात न्यावी तर कुणी फुकट घेत नाही. भोयाच्या लेखी विषय तिथंच संपला. सांडूचा तिथून सुरू झाला.

पुढच्या दहा-बारा वर्षांत मुरीचं जगणं त्याला घरच्या माणसासारखं माहीत झालं. ती पाण्याच्या तळाला पोट टेकून राहते. मिशांनी वाळू चाचपते, घासभर वाळू तोंडात घेते, त्यातलं काय हवं ते ठेवून बाकीची कल्ल्यांतून बाहेर सोडते. बगळ्याची सावली पडली की पळत बसत नाही. डोकं खाली घालते, दोनदा अंगाला पीळ देते आणि वाळूत नाहीशी होते. पाणी तापलं, कोंदलं की मधूनच एखादी सरळ वर येते, हवेचा घोट घेते आणि दगड पडावा तशी खाली जाते. उन्हाळ्यात डोह आटत गेला की बाकीचे मासे उरल्यासुरल्या पाण्यात गर्दी करतात आणि बगळ्यांना आयते सापडतात. मुरी तसं करत नाही. ती ओल्या वाळूत खाली खाली उतरते आणि तिथं पडून राहते.

लोक त्याला हसत. कुणी विचारी, सांडू, तुझी मुरी काय म्हणती, पाऊस कधी हाय? तो सरळपणे सांगे, त्याचं तिला बी म्हाईत न्हाई. गोपिकाबाई मात्र हसत नसे. तिला तेवढी सवडच नव्हती. दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायचं, पाणी आणायचं, दळायचं, दोन लेकी सांभाळायच्या. नवरा दिवसभर नदीवर बसतो, संध्याकाळी चांगलं सूत घेऊन येतो, भांडत नाही, पीत नाही. तिनं त्यात समाधान मानलं होतं.

मग ते वाईट साल आलं. पोळ्यापासून आभाळ फिरकलं नाही. माघात पूर्णेची धार तुटली, चैत्रात वळणावरचा डोहही संपला. गावच्या बारवेत हिरवा गाळ उरला. बायका दोन कोसांवरच्या गावाला पाण्याला जाऊ लागल्या. तिथल्या बायका आधी आपल्या घागरी भरून घेत आणि मग यांना सोडत.

सांडू रोज कोरड्या नदीत जाई. डोहाच्या वरच्या कडेला, करंजाच्या झाडाखाली, बैलगाडीएवढ्या जागेत त्यानं मुऱ्या एकामागून एक वाळूत उतरताना पाहिल्या होत्या. वरची वाळू पापड झाली होती, पण कोपरापर्यंत हात घातला की बोटांना गारवा लागे. तिथं वाळूत खड्डा करून झिरा खणला तर पाणी लागणार, हे त्याला बरोबर कळत होतं. आणि कुदळ पडली की मुऱ्यांचं काय होणार, हेही कळत होतं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत पंधरा दिवस गेले.

सोळाव्या दिवशी गोपिकाबाई रिकाम्या हातानं घरी आली. त्या दुसऱ्या गावच्या बारवेवरच्या रेटारेटीत ती पायरीवरून घसरली होती. घागर फुटली होती, कोपर सोललं होतं. ती रडली नाही, कुणाला बोल लावला नाही. कोपरावर हळद दाबत म्हणाली, उद्या शेजारच्या गोजरबाईची घागर मागून नेते.

सांडूनं पुढ्यातली भाकर सरकवली.

"मला पानी म्हाईत हाय," तो म्हणाला. "नदीत."

"कवापासून?"

"पंधरा दिस झाले."

गोपिकाबाईनं मनाशी मोजलं. दोन कोस जायचे, दोन यायचे, असे पंधरा दिवस. तो खाली मान घालून म्हणाला, की खणलं तर मुऱ्या मरतील म्हणून बोललो नाही. यावर बाईनं घर डोक्यावर घेतलं असतं तरी कुणी तिला नाव ठेवलं नसतं. ती एवढंच म्हणाली, "जा, पाटलाला सांगून या. मी येती संगं."

रामराव पाटील तसा समजूतदार माणूस. त्यानं एका शब्दानं थट्टा केली नाही. चार गडी, कुदळी, खोरी घेऊन तो स्वतः नदीत उतरला. हातभर खणलं तर ओल, दोन हातांवर वाळू चिखलासारखी, आणि पुरुषाच्या कंबरेइतकं खोल गेल्यावर खड्ड्याच्या बाजूंनी पाणी झिरपायला लागलं. निर्मळ, गार पाणी. बायका करवंट्या घेऊन धावल्या.

सांडू वर काढलेल्या वाळूच्या ढिगाशी ताठ पाय पसरून बसला होता आणि दोन्ही हातांनी वाळू चिवडत होता. कुदळीनं तुटलेल्या मुऱ्या बाजूला ठेवत होता, जित्या उचलून परातीत टाकत होता. गोपिकाबाई दुसऱ्या बाजूनं बसली. दोघांनी मिळून चाळीसेक मुऱ्या वेचल्या. घरी मोठा रांजण होता. त्यात तळाला नदीची वाळू घातली आणि मुऱ्या सोडल्या.

झिऱ्याचं पाणी घरटी दोन घागरी असं पाटलानं ठरवून दिलं होतं. त्यातला तांब्या-दोन तांबे गोपिकाबाई रोज रांजणात घाली. रांजणातून काढलेल्या पाण्यानं भांडी घाशी. गोजरबाईला हे खपलं नाही. माणसं तहानेनं मरून राह्यली अन् माशांना रांजण, असं ती चारचौघींत बोलली.

"माझ्या वाटणीचं देती," गोपिकाबाई म्हणाली. "तुमचं न्हाई मागितलं."

तरी वैशाखाच्या उन्हात मुऱ्या मरत राहिल्या. रोज सकाळी एक-दोन उलट्या होऊन वर आलेल्या असत. सांडू त्या मुकाट्यानं करंजाखाली पुरून येई. पावसाळा लागून नदीला पाणी आलं, गढूळ पूर ओसरला, तेव्हा रांजणात एकोणीस उरल्या होत्या. नवरा-बायकोनं त्या घागरीत काढून नदीवर नेल्या आणि घागर हळूच कलंडली. मुऱ्या क्षणभर उथळ पाण्यात दिसल्या, आणि पुन्हा सगळी वाळूच वाळू.

त्यानंतर उन्हाळ्यात झिरा खणायची वेळ आली की पाटील आधी सांडूला बोलावी. सांडूची एकच अट असे. सगळीकडं कुदळ घालायची नाही, मी दाखवीन तेवढंच खणायचं, आणि वाळू काढायला दोन माणसं हातानं बसवायची. लोक कुरकुरत आणि ऐकत. तो जागा सांगे तिथंच पाणी लागत होतं.

पुढं गावात नवी विहीर झाली, बांधीव, रहाटाची. तिला पायऱ्या नव्हत्या, त्यामुळं पाण्यात कुणाचा पाय पडत नव्हता, आणि नारूही हळूहळू कमी झाला. तोवर लेकी सासरी गेल्या होत्या. दुपारच्या वेळी हातात काही काम नाही, असं गोपिकाबाईच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. एके दिवशी ती नदीवर गेली आणि सांडूच्या शेजारी दगडावर बसली. तो चाती फिरवत होता. तिनं खूप वेळ पाण्यात बघितलं आणि विचारलं, या मुऱ्या निजत्यात का वो कधी?

सांडूची चाती थांबली. इतक्या वर्षांत हे त्याच्या मनात आलं नव्हतं.

"म्हाईत न्हाई," तो म्हणाला. "बघावं लागंल."

मग दोघंही बघत बसले.