खाडाखोडीपुरती सही

आमच्या शाळेचे गणवेश शिवणारी ती बाई बोलण्याआधी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवते. बहीण वारली तेव्हा तिची सात वर्षांची मुलगी हिने घरी आणली, त्याला चार वर्षं झाली. मुलीचा बाप दोन गल्ल्या सोडून टायरचं दुकान चालवतो. त्याने दुसरं लग्न केलं, मुलीकडे मात्र एकदाही फिरकला नाही.

यंदा मुलीचा कान वाहू लागला. डॉक्टर म्हणाले, आतलं हाड पोखरलं जातंय, लवकर ऑपरेशन केलं नाही तर ऐकू येणं जाईल. पण बाप हयात असताना संमतीच्या फॉर्मवर मावशीची सही चालेना.

"बाई, तुम्ही चला. तो तुमचा जुना विद्यार्थी आहे, तुम्हाला तरी लाजेल," ती म्हणाली.

तो लाजला नाही. मला स्टूल दिलं, तिला उभंच ठेवलं. दुकानात त्याचे नवे सासरे बसले होते. फॉर्म न वाचताच त्याने मांडीखाली सरकवला.

"सही करतो की. पण मेहुणीबाई, आमच्या सासऱ्यांना वाटतं, मी पोरीला टाकली. तुम्हीच सांगा, किती चौकशी करतो ते."

तिने फॉर्मसाठी हात पुढे केला.

"घाई तुम्हाला आहे, मला नाही," तो दात कोरत म्हणाला.

"लाज वाटत नाही का रे?" मला राहवलं नाही.

"बाई, शाळा सुटली आता."

तिने मान खाली घातली. "दर आठवड्याला येतात. पोरीला फार जपतात," एका दमात म्हणाली. सासऱ्यांनी समाधानाने मान डोलावली. मग त्याने रकाने भरले, सही ठोकली. वळणदार अक्षर, मीच गिरवून घेतलेलं. मला त्याची किळस आली.

बाहेर येताच तिने नळावर तीनदा चूळ भरली.

दवाखान्यातल्या कारकुनाने फॉर्म पाहिला. "मुलगी अकराची ना? इथे सात लिहिलंय."

"त्याने शेवटची पाहिली तेव्हा सातचीच होती," ती म्हणाली.

कारकुनाने सात खोडून अकरा केले, पेन पुढे केलं. "इथे बाजूला सही करा."

"माझी चालत नाही ना?"

"ऑपरेशनला नाही. खाडाखोडीला कुणाचीही चालते."

तिने सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली.

मंगळवारी ऑपरेशन झालं, कान वाचला. बाजारात जायला मी आता लांबचा रस्ता धरते. ते दुकान वाटेत लागत नाही.