चपलांच्या खणातला पंप

"ही पिशवी आत नको. तिकडं ठेवा, चपलांच्या खणात."

बालवाडीच्या मॅडम बोटानं दाखवत होत्या. पिशवीत माझ्या रमाचा पंप होता. निळा पंप, त्याला लावायची प्लास्टिकची नळी आणि तोंडावर धरायचा मास्क. रमा साडेचार वर्षांची. तिला दमा आहे. लातूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी बजावलं होतं, पंप लेकराच्या जवळच पाहिजे, दम लागला की लगेच द्यायचा. हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही, हेही सांगितलं होतं.

यातलं निम्मंच माझ्या तोंडून निघालं. बाजूला बाकीच्या आया उभ्या होत्या.

मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडं चांगल्या घरची लेकरं येतात. कुणाचा तोंडाला लावलेला मास्क, कुणाला काय व्हायचं. तुमच्यात चालत असंल."

तुमच्यात. फॉर्म भरताना मी आडनाव सांगितलं, तेव्हाच त्यांचा आवाज बदलला होता. तो बदल मला लहानपणापासून कळतो.

मी पिशवी चपलांच्या खणात ठेवली. वर "हाव मॅडम" म्हणाले. एक बाई हसली.

घरी येताना रमाला शिकवलं, "मॅडमला तरास द्यायचा न्हाई. गप बसायचं. मी आले की पंप देते." माझ्या आईनं मला हेच शिकवलं होतं. मला वाटलं, लेकराला वळण लावतेय.

दर गुरुवारी तिथं वर्गात पूजा होते. दारं लावून धूप फिरवतात. धुरानं रमाचा दम वाढतो, हे मला माहीत होतं. चार गुरुवार मी सांगायचं ठरवलं. चारही वेळा फाटकातून परत आले. पूजेच्या धुराला नको म्हणणारी मी कोण? त्यात आम्ही बौद्ध. म्हणाल्या असत्या, यांना देवाचं वावडं.

आज पाचवा गुरुवार.

बाराला मी डाळ मिलमधून सुटून तिला आणायला गेले. सगळी लेकरं बाहेर आली. रमा आली नाही. वर्ग सांभाळणारी टीचर म्हणाली, "झोपली वाटतं तुमची. आज लई शहाण्यावानी बसली."

मी दारातून पाहिलं. रमा झोपली नव्हती. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खांदे वर ओढून बसली होती. श्वासागणिक गळ्याखालचा खड्डा आत जात होता. ओठ काळेनिळे. खोलीत अजून धूर होता.

मी खणाकडं पळाले. पिशवीवर कुणाचे तरी बूट पडले होते. ते फेकले, पिशवी घेतली आणि तशीच वर्गात शिरले.

"चपला! बाई, चपला काढा आधी!" मॅडम ओरडल्या.

मी खाली बसले. रमाला मांडीवर घेतलं. मास्क तोंडावर दाबला. एक फवारा. मनातल्या मनात तिचे श्वास मोजले. पंप हलवला, दुसरा फवारा.

"बाहेर घेऊन जा की. लेकरं बघायलीत."

मी उठले नाही. उठायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं. पायच उठले नाहीत.

बऱ्याच वेळानं तिच्या छातीतली शिट्टी जरा कमी झाली. तिनं मास्क बाजूला सारला आणि हळू आवाजात मला म्हणाली, "मम्मी, मी मॅडमला तरास दिला न्हाई."

तिचा जीव जात होता आणि ती माझं ऐकत होती. खणात पंप ठेवायला लावला तो मॅडमनी. पण लेकराचं तोंड मी बंद केलं होतं.

मी मॅडमकडं बघितलं. आजवर त्यांच्या पायाकडं बघूनच बोलले होते.

"पंप वर्गात राहील. अन् वर्गात धूप लावायचा न्हाई."

"मग दुसरी शाळा बघा."

"न्हाई बघणार."

एवढंच बोलता आलं.

तिथून रमाला दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्यावरच रागावले, उशीर केलास म्हणाले. घरी नवरा म्हणाला, "कशाला तोंड उघडलंस? काढतील पोरीला." काढतीलही. जवळ दुसरी बालवाडी नाही. मिलमध्ये डाळीची धूळ, तिथं तिला नेता येत नाही. मला यातून वाट दिसत नाही.

तरी संध्याकाळी तिला समोर बसवलं. म्हटलं, दम लागला की ओरडायचं. "टीचर, पंप!" म्हणून. ती पुटपुटली. मी म्हटलं, मोठ्यानं. ती दाराकडं बघायला लागली, कुणी ऐकेल म्हणून. मी म्हटलं, ऐकू दे. मॅडम रागावल्या तर रागावू दे. गप्प बसलीस तर मी रागावीन.

उद्या मी वर्गाच्या आत जाणार आहे. पंप कसा द्यायचा ते टीचरला दाखवणार आहे. तिच्या हातून एकदा करून घेतल्याशिवाय मी तिथून उठणार नाही.