साखळी गेली, टोचन राहिलं

देवकाबाईंना एखाद्या शब्दानं धरलं की सुटका नसे, ना त्यांची ना समोरच्याची. अल्लीपूरच्या तानबाजींच्या या पत्नी. नवऱ्याची जुनी जीप. ती बंद पडली की दुसऱ्या गाडीला बांधून ओढत न्यायची, आणि त्या ओढायच्या दोराला सगळे म्हणायचे 'टोचन'.

"टोचन काऊन?"

"टोचते म्हणून," तानबाजी म्हणायचे.

"दोर कोणाले टोचते जी? काहीबी सांगून राह्यले!"

बी.ए. झालेल्या पुतणीनं, सुरभीनं, शब्दकोशात 'टोचणे' काढून दाखवलं आणि विषय संपवला. शिकलेली माणसंही आळशीच.

परवा जीप गावाबाहेर बसली. हिंगणघाटच्या गॅरेजात न्यायला शेजारचे बंडूजी ट्रॅक्टर घेऊन आले. पण जीपमध्ये बसणार कोण? तानबाजींचा उजवा पाय प्लास्टरमध्ये. आणि टोचन लावलं की सगळी मदार मागच्या माणसावर. त्यानं हलका ब्रेक धरून दोर ताठ ठेवायचा. ढिला पडला तर हिसका बसून तुटतो, नाहीतर जीप ट्रॅक्टरवर आदळते.

"मी बसतो," देवकाबाई म्हणाल्या.

"तू? स्टेअरिंगले कधी हात लावला का?"

"तुमी लावू देल्ला का? बाजूले बसून जनमभर ब्रेक समजून खालचा पत्रा दाबला म्या!"

"बसू द्या वहिनीले," बंडूजी हसले. "तुमी बाजूले बसून कल्ला करा."

दोर बांधतानाही बाईंनी विचारलंच. बंडूजींचे वडील ट्रकवर होते. बंडूजी म्हणाले, "तवा दोर नोयता, साखळी राहे. इंग्रजीत ओढणं म्हंजे टो, साखळी म्हंजे चेन. टो-चेन. त्याचं झालं टोचन."

"मंग साखळी काऊन गेली?"

"बसा आता! रस्त्यात समजीन."

पुलाच्या उतारावर बकऱ्या आडव्या आल्या, ट्रॅक्टर मंदावला. "दाब!" तानबाजी ओरडले. बाईंचा पाय आधीच ब्रेकवर होता. दोर जमिनीला टेकला नाही. बंडूजींनी पुन्हा वेग घेतला, तसा दोर कुरकुरत जरासा लांबला आणि जीप अलगद निघाली. साखळी असती तर खाडकन हिसका बसला असता.

"साखळी गेली ते समजलं," बाई म्हणाल्या. "पण नाव काऊन राह्यलं?"

"समोर पाह्य!"

गॅरेजात तानबाजींनी किल्लीसाठी हात पुढे केला. देवकाबाईंनी किल्ली कनवटीला लावली.

"दुरुस्त झाली का आधी मले शिकवजा."

तानबाजींनी आशेनं बंडूजींकडे पाहिलं. ते मान खाली घालून टोचन गुंडाळत होते.