घोडी गेली माहेरी

माझं लग्न एका घोडीनं जमवलं. आमचा मामा ते श्रेय स्वतःकडं घेतो, पण त्या दिवशी तो मोटारसायकलवर होता आणि बराच मागं होता.

आमचं घर महाळुंगे पडवळचं, बैलगाड्याच्या नादाचं. आबा, म्हणजे माझे वडील, पाहुण्याला आधी गोठा दाखवतात आणि मग पाणी विचारतात. अशा घरात मी जन्मलो आणि मला बैलाची भीती वाटते! गाडा जुंपायला उभं केलं, तर बैल माझ्या पायावर पाय देऊन निवांत रवंथ करत बसला. घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या चढणीच्या, माथ्यावर पळत आलेले बैल धरायला ठेवलं, तर बैलांच्या आधी मीच पळालो. (बघणारे म्हणाले, घड्याळ लावलं असतं तर पहिला आला असता.) शेवटी आबांनी मला पाण्याच्या कॅनवर नेमलं.

त्यात माझं लग्न जमत नव्हतं. रानात टोमॅटो, विहिरीला पाणी, सगळं ठीक. पण मुलगा शेती करतो म्हटलं, की मुलीकडचे अर्धा चहा टाकून उठायचे. धाकट्या भावाचं मात्र कधीच ठरून बसलेलं. पण थोरल्याच्या आधी धाकटा बोहल्यावर कसा चढणार? मी एसटीच्या दारात अडून उभा असल्यासारखा तो रोज माझ्याकडं बघायचा. मला एका जागी बसवेना. गोठा ते ओसरी, ओसरी ते गोठा, दिवसभर नुसत्या येरझाऱ्या!

आमच्याकडच्या शर्यतीत गाड्यावर माणूस नसतो. चार बैल जुंपलेले आणि त्यांच्यापुढं घोडीवर एक स्वार. घोडी घाटाचा चढ चढत पळते आणि तिच्यामागं बैल. म्हणजे घोडी जाईल तिकडं गाडा जातो, हे लक्षात ठेवा. त्या वर्षी येडगावच्या शेजारच्या गावात यात्रा होती आणि घोडीवर बसणारा आमचा चुलतभाऊ ऐन दिवशी तापानं आडवा झाला.

"ह्यो बसंल की!" मामानं माझ्याकडं बोट केलं.

आबा खो-खो हसले. मामा हसत नाही हे बघून थांबले.

"दाजी, ऐका. शेतकरी नवरा कुणाला नको. पण घोडीवरचा नवरा? आख्खा घाट बघंल ह्याला! एखादं तरी स्थळ येईलच की!"

"मामा, मला उतरता येत न्हाई."

"तुला उतरायला कोण सांगतंय? नुसता बस!"

घोडी मामानंच बाजारातून आणली होती. आम्ही तिचं नाव बिजली ठेवलं. बैल घेताना त्याच्या सात पिढ्या विचारणाऱ्या आमच्या घरानं घोडीचं गाव मात्र विचारलं नव्हतं! बैलांपुढं घोडीला कोण विचारतो?

निशाण पडलं. "झाऽऽली! भिर्रर्र!" स्पीकर ओरडला. पहिल्याच उडीला लगाम माझ्या हातातून सुटला. मी डोळे मिटले आणि घोडीच्या मानेला मिठी मारली. मागं चार बैलांचे फुत्कार, पुढं देव! आणि तरीही बारी, म्हणजे आमच्या गाड्याची फेरी, अशी लागली होती, की आबांनी फेटा काढून हातात घेतला होता म्हणे, उडवायला. शेवटची रेषा हाताच्या अंतरावर आली. तेवढ्यात घोडीनं कान टवकारले, माणसांतली एक फट बघितली आणि डावीकडं वळली.

बैलही डावीकडं वळले.

"आली, आली, आली... आरं, गेली!" स्पीकर म्हणाला. "गाडा घाट सोडून चाललाय! आवो पावणं, जेवायला न्हाई थांबायचं का?"

उसातली वाट, मग कालव्याचा रस्ता. कुणाचं तरी वाळत घातलेलं धोतर माझ्या तोंडाला गुंडाळलं गेलं, ते मी फेकणार कुठल्या हातानं? (दोन्ही हात घोडीला दिलेले!) धोतर आपणहून उडालं तेव्हा आम्ही एका उघड्या फाटकातून आत शिरत होतो. अंगणात मांडव, मांडवात खुर्च्या आणि खुर्च्यांवर पुण्याहून आलेली मंडळी पोह्यांच्या बशा घेऊन बसलेली. मुलगी बघण्याचा कार्यक्रम!

घोडी सरळ मागच्या गोठ्यापाशी जाऊन उभी राहिली. गाडा फाटकात अडकला, पण पुढचे बैल मांडवात पोचले आणि त्यांनी पोहे संपवायला घेतले. पुण्याचा मुलगा ट्रॅक्टरच्या टपावर चढला. त्याची आई खालून ओरडत होती, "अरे, मलापण घे!"

घरातून मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली. तिनं घोडी बघितली, ट्रे तिथंच टाकला आणि, "चिमणेऽ!" म्हणून घोडीच्या गळ्यात पडली. ती हमसून रडत होती. घोडीच्या गळ्यात आधीपासून मी होतोच, त्यामुळं तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. इतकी रडकी आणि इतकी सुंदर मुलगी मी पाहिली नव्हती. खरं सांगतो, माझी भीती तिथंच संपली आणि दुसरी धडधड सुरू झाली.

"उतरा की आता," ती नाक पुसत म्हणाली.

"उतरता येत न्हाई."

"मग चढला कसं?"

"मामानं बसवलं."

तिनं घोडीचा जबडा उघडून बघितला. "लगाम वढला न्हाई तुमी?"

"हातातच नव्हता. मिठी मारून बसलो व्हतो."

"बरं केलं. तोंड फाटलं असतं हिचं." आणि ती हसली. मला गाड्याचं काम न जमल्याबद्दल पहिल्यांदाच कुणी बरं म्हणालं होतं.

तोवर आबा आणि मामा धडकले. "रेषा दोन हातावर व्हती रं!" आबा फेट्यानं डोळे पुसत होते. मुलीचे वडील म्हणाले, घोडी त्यांचीच. घोडी दौडवणाऱ्या पोरीला स्थळ कुठलं येणार, म्हणून तिला न सांगता विकली. तेव्हापासून पोरगी बापाशी बोलत नव्हती.

"आमची चिमणी परत द्या," रोहिणी म्हणाली. (हे तिचं नाव.)

"घोडी मिळायची न्हाई!" आबा म्हणाले.

पुण्याची मंडळी गाडीत बसून निघून गेली होती. बैल शेवटची बशी चाटत होता. मी अजून घोडीवरच होतो.

मामानं घसा खाकरला. "घोडी हिकडं येत न्हाई. मग पोरीनंच तिकडं यावं की!"

रोहिणीनं माझ्याकडं नीट बघितलं. माझं सगळं आयुष्य त्या बघण्यावर टांगलेलं होतं आणि मला साधं खाली उतरता येत नव्हतं!

"परत कधी बसशीला हिच्यावर?"

"आईशप्पथ, न्हाई!"

"मग चालंल," ती म्हणाली आणि माझा पाय रिकिबीतून सोडवला.

लग्नात वरात निघाली, तेव्हा नटलेली घोडी पुढं आणि मी तिच्यामागं चालत. दिलेला शब्द मोडायचा नाही! पंधरवड्यानं धाकटाही बोहल्यावर चढला.

पुढच्या साली त्याच घाटात आमचा गाडा सगळ्यांत कमी वेळात वर गेला. आबांनी फेटा उडवला, तो अजून सापडलेला नाही. स्पीकर नुसता पेटला होता. "घोडीवर हाय महाळुंग्याची सून! लई भारी! आणि सूनबाईंचं मालक कुठं हायेत? मालक, हात वर करा!"

मी हात वर केला. हातात रोहिणीच्या चपला होत्या. पाण्याच्या कॅनवरून मला बढती मिळाली होती, राव!